३४ तासांचा सेव्ह आणि ५१२ केबीची एक फाइल: प्लेस्टेशन बायोसचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या एका मित्राचं. त्याला विचारूनच लिहितोय, आणि ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही. त्याच्याकडे पहिल्या प्लेस्टेशनचं एक युरोपियन मशीन आहे, मॉडेल एससीपीएच-७५०२, जे खरं तर त्याच्या ताईचं. मशीन चालू होतं, लोगो येतो, आवाज येतो, पण लेन्स गेलीय त्यामुळे डिस्क वाचत नाही. सोबत एकच मेमरी कार्ड आणि काही ओरिजिनल डिस्क, त्यात एक लांबलचक रोल-प्लेइंग गेम. ती डिस्क त्यानं कॉम्प्युटरवर रिप केली, म्हणजे तिची हुबेहूब कॉपी (बिन आणि क्यू फाइल) बनवली, आणि एका इम्युलेटर कोरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकून खेळायला लागला. बायोस, म्हणजे मशीनच्या चिपमधला मूळ प्रोग्रॅम, त्यानं दिलाच नव्हता, तरी गेम सुरू झाला, म्हणून त्यालाही वाटलं की बायोसची गरज नसावी.

३४ तास तो असाच खेळला. आणि सेव्ह कसा करायचा, तर सेव्ह स्टेट, म्हणजे गेमचा नाही, इम्युलेटरचा स्वतःचा सेव्ह. एक बटण दाबलं की झालं, मग गेमच्या आतल्या सेव्ह पॉइंटपर्यंत चालत कोण जाईल. मेमरी कार्डवर त्यानं पहिल्या तासाभरात एकदा सेव्ह केलं होतं, त्यानंतर नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

नेमकी अडचण

३४व्या तासाला एक व्हिडिओ संपतो आणि पुढचा सीन लोड व्हायच्या जागी स्क्रीन काळी. संगीत बंद, कंट्रोलर बंद. दहा वेळा केलं, दहाही वेळा तिथेच. त्याला पहिला संशय आला डिस्कचा. तीन वेळा नव्यानं रिप केली, दुसऱ्या ड्राइव्हवर करून बघितली, तिन्ही इमेजचे हॅश, म्हणजे फाइलच्या बाइटवरून काढलेला तिचा ठसा, सारखे आले. म्हणजे डिस्क नीट वाचली जात होती, पण तो ते मानायला तयार नव्हता.

मग कोणीतरी सांगितलं की बायोस टाक. त्यानं कुठूनतरी एक फाइल उतरवली, नाव होतं एससीपीएच५५०१.बिन, ती सिस्टीम फोल्डरमध्ये टाकली, इम्युलेटर चालू केला तर खराखुरा लोगो आला. खूष झाला, सेव्ह स्टेट उघडला, व्हिडिओपर्यंत गेला आणि परत काळी स्क्रीन. आता त्याची खात्रीच झाली की बायोसनं काही फरक पडत नाही. मला फोन आला तो या टप्प्यावर, आणि पहिलंच वाक्य होतं, "अरे, बायोस टाकून बघितला, त्याचा काही संबंध नाही."

मला त्या वाक्यातच गडबड वाटली, कारण त्यानं बायोस टाकला होता हे खरं, पण गेम त्या बायोसवर चालत नव्हताच. ते कसं, ते कळायला बायोस म्हणजे काय हे थोडं बघावं लागेल.

बायोस नक्की करतो काय

बरेच जण बायोसला कुलपाची किल्ली समजतात, म्हणजे ती फाइल असली की इम्युलेटर उघडतो आणि नसली की नाही. निदान प्लेस्टेशनच्या बाबतीत तसं नाही. या मशीनच्या रॉम चिपमध्ये ५१२ केबीचा प्रोग्रॅम असतो, मोजून ५,२४,२८८ बाइट. मशीन चालू झालं की लोगो तोच दाखवतो, डिस्क तोच तपासतो, डिस्क नसेल तर मेमरी कार्ड मॅनेजर आणि सीडी प्लेयरची स्क्रीनही त्याचीच. पण खरं काम त्याच्यापुढे आहे. तो आपला कर्नल रॅममध्ये उतरवतो, २ एमबी रॅमपैकी पहिले ६४ केबी त्याच्यासाठी राखीव असतात, आणि गेम चालू झाल्यावरही तो तिथेच बसलेला असतो. गेमला कार्डवर लिहायचंय, फाइल उघडायचीय, इंटरप्ट हाताळायचाय, तर तो ए०, बी० आणि सी० अशा तीन ठरलेल्या पत्त्यांवर उडी मारतो, सोबत फंक्शनचा नंबर देतो, आणि पुढचं काम बायोसचा कर्नल करतो.

आता बायोसची फाइल दिलीच नाही तर काही इम्युलेटर ही फंक्शन्स स्वतः नक्कल करून देतात. त्याला एचएलई बायोस म्हणतात. गेमनं अमुक नंबरचं फंक्शन मागितलं की इम्युलेटर मधेच पकडतो आणि आपल्या कोडनं उत्तर देतो. खूप गेम यावर मस्त चालतात आणि ज्यांनी हे लिहिलंय त्यांच्या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे. अडचण येते ती गेमच जेव्हा आगाऊपणा करतो तेव्हा. सोनीच्या डेव्हलपमेंट लायब्ररीत अशी फंक्शन्स होती जी कर्नलच्या आतला कार्ड आणि पॅडचा कोड शोधून तिथल्या इन्स्ट्रक्शन चालू मशीनमध्ये बदलत, कारण मूळ बायोसमधल्या काही चुका नंतर अशाच दुरुस्त केल्या गेल्या. गेम त्या ६४ केबीत ओळखीचा कोड शोधतोय आणि तिथे खरा कोडच नाही, म्हटल्यावर काय होईल ते त्या त्या गेमवर.

सगळ्याच कन्सोलचं असं नसतं. निंटेंडोच्या फॅमिकॉमला बायोस नाही पण त्याच्या डिस्क सिस्टीमला ८ केबीचा आहे, गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचा १६ केबीचा आणि त्याची नक्कल बऱ्यापैकी जमते, आणि प्लेस्टेशन २ चा ४ एमबीचा, तिथे पीसीएसएक्स२ या इम्युलेटरमध्ये खऱ्या बायोसशिवाय चालतच नाही.

आता मित्राच्या वाक्याकडे येऊ. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणाच्या अख्ख्या मशीनचा फोटो. रॅम, प्रोसेसर, साउंड चिप, सगळं. रॅम आली म्हणजे ते पहिले ६४ केबीही आले, आणि मशीन एचएलईवर चालू होतं ही नोंदही त्यातच. त्यानं लोगो खऱ्या बायोसचा बघितला आणि पुढच्याच सेकंदाला जुना स्टेट उघडून परत एचएलईच्या जगात गेला. तपासणी झालीच नाही, फक्त झाल्यासारखी वाटली.

समोर कोणते पर्याय होते

पहिला, पहिल्यापासून खेळायचं. ३४ तास. तो नको म्हणाला आणि मीही आग्रह केला नाही.

दुसरा पर्याय त्याला खूप आवडला होता. उतरवलेली फाइल अमेरिकन बायोसची आहे (५५०१ हे अमेरिकन मॉडेल, ५५०० जपानी आणि ५५०२ युरोपियन), तर गेमचीही अमेरिकन आवृत्ती घ्यायची, म्हणजे ५० हर्ट्झऐवजी ६० हर्ट्झवर चालेल, जास्त स्मूद, आणि सेव्ह तिकडे न्यायचा. ऐकायला छान आहे. पण मेमरी कार्डवरच्या प्रत्येक सेव्हच्या नावात प्रदेश लिहिलेला असतो, युरोपियन गेमचा सेव्ह बीई नं सुरू होतो, अमेरिकन बीए नं आणि जपानी बीआय नं, आणि पुढे त्या डिस्कचाच कोड. अमेरिकन गेम कार्डवर स्वतःच्या कोडाचा सेव्ह शोधतो, युरोपियन त्याला दिसतच नाही. शिवाय ती डिस्क त्याच्याकडे नव्हती. हा पर्याय तिथेच संपला.

तिसरा, ती उतरवलेली फाइलच पुढे वापरायची. मी त्याला म्हटलं आधी ती फाइल आहे तरी काय ते बघू. साइज बरोबर, ५,२४,२८८. पण एमडी५ हॅश काढला तर ५५०१ चा खरा हॅश ४९० नं सुरू होतो आणि हा भलताच. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली आणि मजकूर शोधला तर आत स्वच्छ लिहिलेलं, सिस्टीम रॉम व्हर्जन ३.०, तारीख ०९/०९/९६, आणि शेवटी जे. जे म्हणजे जपान. म्हणजे जपानी ५५०० ची फाइल कोणीतरी नाव बदलून ५५०१ म्हणून ठेवलेली, आणि हॅश ५५०० च्याही हॅशशी जुळेना, म्हणजे आत कुठेतरी काही बाइट बदललेले किंवा खराब झालेले. युरोपियन डिस्क, अमेरिकन नाव आणि आत फाटका जपानी बायोस, अशा पायावर कुठलीही टेस्ट केली तरी तिच्यावर विश्वास काय ठेवणार. आणि हक्काचा प्रश्न आहेच, बायोसचा कोड सोनीच्या कॉपीराइटचा आहे, तो असा उतरवून घेणं बरोबर नाही असं माझं स्पष्ट मत आहे. एचएलईची गोष्ट वेगळी, कारण ती नव्यानं लिहिलेली असते. कनेक्टिक्स कंपनीनं व्हर्च्युअल गेम स्टेशन बनवताना बायोसचा अभ्यास करून स्वतःचा कोड लिहिला होता, सोनीनं खटला भरला, आणि २००० साली अमेरिकेच्या नाइन्थ सर्किट कोर्टानं त्या अभ्यासासाठी केलेल्या कॉपीज फेअर यूजमध्ये बसतात असा निकाल दिला. म्हणून इम्युलेटर बायोसशिवाय मिळतात आणि बायोस आपला आपण आणावा लागतो.

चौथा, ताईच्या मशीनमधूनच बायोस काढायचा. वेळ लागणार, पण फाइल कुठून आली हे माहीत असेल.

आणि यातलं काहीही केलं तरी एक काम वेगळं होतंच, सेव्ह स्टेटमधून प्रगती बाहेर काढून मेमरी कार्डवर आणणं. कार्डवरचा सेव्ह म्हणजे नुसता डेटा, त्यात मशीनचा फोटो नाही, म्हणून तो कुठल्याही बायोसवर आणि कुठल्याही इम्युलेटरमध्ये चालतो. आम्ही हे आणि चौथा पर्याय, दोन्ही धरले.

काय केलं

आधी सगळ्या सेव्ह स्टेट फाइल आणि सेव्ह फाइल कॉपी करून वेगळ्या ठेवल्या. हे मी त्याच्याकडून पहिल्या फोनवरच करून घेतलं होतं.

मग जुन्या कोरातच, बायोस न ठेवता, मागचा एक स्टेट उघडला. सगळ्यात शेवटचा नाही, कारण त्याच्यापासून सेव्ह पॉइंटकडे परत जायला रस्ताच नव्हता, दरवाजा मागून बंद झालेला. साधारण दोन तास मागचा स्टेट निघाला जिथून सेव्ह पॉइंट चालत जाण्यासारखा होता. सुदैवानं त्यानं स्टेटचे वेगवेगळे स्लॉट वापरले होते. एकाच स्लॉटवर दाबत राहिला असता तर हा लेख इथेच वाईट रीतीनं संपला असता. तिथे गेमच्या मेनूतून कार्डवर सेव्ह केलं आणि इम्युलेटर नीट बंद केला, नीट म्हणजे मेनूतून, कारण कार्डाची फाइल डिस्कवर कधी लिहिली जाते ते सेटिंगवर असतं आणि मधेच प्रोसेस मारली तर ती जुनीच राहू शकते.

कार्डाची एसआरएम फाइल, म्हणजे इम्युलेटर मेमरी कार्ड ज्यात ठेवतो ती, तपासली. १,३१,०७२ बाइट, म्हणजे १२८ केबी, बरोबर एका कार्डाएवढी. हेक्स एडिटरमध्ये पहिली दोनच अक्षरं एम आणि सी, आणि खाली डिरेक्टरीत बीई नं सुरू होणारं नाव. तो स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाला, "हे माझे बत्तीस तास?" हो, तेच. १५ ब्लॉकपैकी एका ब्लॉकमध्ये, ८ केबी.

आता बायोस. लेन्स गेलेल्या मशीनवर आपला प्रोग्रॅम चढवायचा कसा, तर फ्रीपीएसएक्सबूट नावाची एक युक्ती आहे, २०२१ मध्ये आलेली. बायोसच्या मेमरी कार्ड मॅनेजरमध्येच एक चूक आहे, खास बनवलेलं कार्ड घालून तो मॅनेजर उघडला की कार्डवरचा कोड चालू होतो, डिस्कची गरजच नाही. पण त्यासाठी त्या कार्डवर इमेज लिहावी लागते आणि आधीचं सगळं पुसलं जातं.

आणि घरात कार्ड एकच होतं, ताईचं.

इथे तो घाई करणार होता. म्हणाला, "जुनंच कार्ड आहे, ताईला काय करायचंय आता, पुसून टाकतो." मी म्हटलं थांब, तिला विचार तरी. त्यानं माझ्यासमोरच फोन लावला आणि पलीकडून आधी काही आवाजच नाही, मग ती म्हणाली, "ते कार्ड अजून आहे? हात लावू नकोस त्याला." विषय संपला. दुसरं कार्ड मिळेपर्यंत आठवडाभर थांबलो. मेमकार्डुइनोवाला रीडर, म्हणजे आर्डुइनो बोर्ड आणि कार्डाचा सॉकेट, तोपर्यंत जोडून झाला होता, आणि त्यावर सगळ्यात आधी काय केलं असेल तर ताईच्या कार्डाची इमेज काढली. दोनदा काढली, दोन्ही सारख्या आल्या, मग ते कार्ड परत डब्यात.

दुसऱ्या कार्डवर इमेज लिहिताना बायोसची आवृत्ती बघून निवडावी लागते, ७५०२ मध्ये ४.१ आहे, चुकीची लिहिली तर मशीन नुसतं अडकून बसतं. पहिल्या वेळी आम्ही स्लॉट चुकवला, इमेज एका स्लॉटची आणि कार्ड दुसऱ्यात, अर्धा तास त्यात गेला. नंतर युनिरॉम, म्हणजे मशीनमधला डेटा वाचून देणारा प्रोग्रॅम, त्याची स्क्रीन आली. मशीनच्या मागचा सीरियल पोर्ट केबलनं कॉम्प्युटरला जोडला आणि बीएफसी००००० या पत्त्यापासून ५१२ केबी वाचून घेतले. ११५२०० च्या वेगानं जेमतेम पाऊण मिनिट. परत एकदा वाचले. दोन्ही हॅश सारखे, आणि आत लिहिलेलं, व्हर्जन ४.१, १२/१६/९७, ई.

ही फाइल डकस्टेशन नावाच्या दुसऱ्या इम्युलेटरमध्ये दिली. तो बायोस नावावरून नाही, हॅशवरून ओळखतो, त्यामुळे नाव बदलायची भानगड नाही. काही कोर मात्र ठरलेल्या नावाचीच फाइल शोधतात, उदाहरणार्थ बीटल पीएसएक्सला प्रत्येक प्रदेशासाठी ५५००, ५५०१, ५५०२ याच नावांच्या फाइल लागतात, आणि लिनक्सवर नावातलं कॅपिटल-स्मॉल चुकलं तरी फाइल नाही असं म्हणतात. यात लोकांचे तासन् तास जातात. कार्डाची फाइल डकस्टेशनच्या मेमरी कार्ड एडिटरमधून आत घेतली.

काय झालं

गेम चालू झाला, कार्डवरचा सेव्ह दिसला, ३२व्या तासापासून पुढे खेळून तो त्या व्हिडिओपर्यंत आला आणि सीन लोड झाला. त्यानं मला त्याचा नुसता फोटो पाठवला, खाली एक शब्दही नाही.

पण माझं समाधान होईना, कारण आम्ही एकदम दोन गोष्टी बदलल्या होत्या, इम्युलेटर आणि बायोस. म्हणून त्याला सांगितलं, जुना कोरच परत उघड, नवीन डंप, म्हणजे ताईच्या मशीनमधून काढलेली बायोस फाइल, त्याच्या सिस्टीम फोल्डरमध्ये टाक, ती जपानी फाइल तिथून काढून टाक, आणि स्टेटला हात न लावता कार्डवरून लोड कर. त्यानं केलं. कोर तोच, डिस्क इमेज तीच, कार्ड तेच, बायोस तेवढा खरा, आणि व्हिडिओ पार झाला. मग बायोस काढून परत तेच केलं तर काळी स्क्रीन. आता म्हणता आलं की अडचण एचएलईवरच होती.

मधे एक अपघात होता होता वाचला. जुन्या कोरानंतर त्यानं हौसेनं तिसराही एक कोर लावून बघितला, त्यात तासभर खेळून कार्डवर सेव्ह केलं आणि नंतर सहज त्याच कोरातला सकाळचा स्टेट उघडला. तर कार्डही सकाळचं झालं. काही कोर स्टेटमध्ये कार्डाचा डेटाही ठेवतात, स्टेट उघडला की तो कार्डवर परत लिहिला जातो. रेट्रोआर्चमध्ये, म्हणजे हे कोर ज्यात चालतात त्या प्रोग्रॅममध्ये, स्टेट उघडताना सेव्ह रॅमवर न लिहिण्याचं सेटिंग आहे, ते चालू केलं. एका तासाचं नुकसान झालं, बाकी कॉपी होतीच.

परत करायचं झालं तर

पहिल्या दिवशीच, गेम चालू करायच्या आधी, बायोस कुठला ते ठरवलं असतं. एचएलईवर सुरू करायला हरकत नाही, पण मग दर बैठकीच्या शेवटी गेमच्या आतून कार्डवर सेव्ह करायचं, स्टेट फक्त मधल्या सोयीसाठी.

माझ्याकडून राहिलेली गोष्ट म्हणजे एकेक बदल करून बघण्याचा क्रम. कार्डवरचा सेव्ह हातात आल्याबरोबर तो आधी जुन्याच कोरात, डंप झालेल्या बायोसवर उघडायला हवा होता, मग डकस्टेशनकडे जायचं होतं. मी उलटं केलं, कारण मित्राला लवकर खेळायला मिळावं असं वाटत होतं, आणि उत्तर मिळायला आणखी एक संध्याकाळ लागली.

बायोसची चाचणी करताना बूटवरचा लोगो हा पुरावा धरायचा नाही. डिस्कवरून किंवा कार्डवरून थंड सुरुवात करायची, स्टेट उघडायचाच नाही. हे एवढं त्याला आधी माहीत असतं तर बायोसचा काही संबंध नाही असं त्यानं धरलं नसतं.

ताईच्या कार्डाची इमेज नंतर डकस्टेशनमध्ये लावली आणि डिस्क न देता नुसता बायोस चालू केला, म्हणजे त्या मशीनचाच मेमरी कार्ड मॅनेजर उघडला. अकरा ब्लॉक भरलेले, प्रत्येकाचा छोटासा हलता आयकॉन. ताई व्हिडिओ कॉलवर होती, एकेक आयकॉन बघून गेमचं नाव सांगत गेली, आणि सातव्यावर म्हणाली, "हा माझा नाही, हा तू माझ्या कार्डवर केलेला, मला न विचारता." तो सेव्ह त्यानं आता स्वतःच्या कार्डवर कॉपी करून घेतलाय, ताईच्या कार्डवरचाही तसाच ठेवलाय.